एका अनामिक झुडपाची कैफियत

मराठी घराच्या परसात तुळस, जास्वंद आणि पारिजातक यांच्या पंक्तीस अनंत असा काही बेमालूम बसून गेला आहे की, हे झुडूप परमुलखातून येथे आले असेल अशी शंकादेखील सहसा कोणास शिवत नाही. काळसर हिरवी, तुळतुळीत, समोरासमोर जोडीने येणारी पाने. पिळलेल्या वातीसारखी आवळून बसलेली हिरवट कळी. पहिल्या दिवशी शुभ्र, दुसऱ्या दिवशी पिवळसर आणि मग तपकिरी होत जाणारे, पण तोवर गंध न सोडणारे फूल. हे सारे आपल्या इतक्या ओळखीचे की, याच झाडापुढे एके काळी युरोपातील नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ ‘हे आहे तरी काय’ म्हणून अडून बसले होते, हे सांगितले तर ऐकणाऱ्यास थट्टा वाटावी. तथापि ती गोष्ट खरी आहे, आणि तिचे कागदपत्रही शाबूत आहेत.

1754 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे ‘गोडॉल्फिन’ नावाचे जहाज पूर्वेकडून विलायतेस परत जात असता, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अन्नपाणी भरून घेण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप येथे, मुक्कामास राहिले. जहाजाचा कप्तान हचिन्सन हा किनाऱ्यावर हिंडत असता त्यास एक अनोळखी, उग्रमधुर सुवास आला आणि सुवासाच्या मागावर जाता भरगच्च पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी डवरलेले एक झुडूप दिसले. कप्तान रसिक असला पाहिजे, आणि नुसता रसिक नव्हे तर करता पुरुष असला पाहिजे. कारण फूल खुडून टोपीत खोवण्यावर न भागवता त्याने ते झुडूप मुळांसकट उपटवून कुंडीत लावून घेतले, डेकवर ठेवविले आणि खाऱ्या वाऱ्यातून जिवंत विलायतेस नेले. गोड्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजून देणाऱ्या जहाजावर एका झाडाचा शिधा चालू ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी त्या काळची प्रवासवर्णने वाचली आहेत त्यांस सहज येईल.

विलायतेत हे झाड त्याने रिचर्ड वॉर्नर या आपल्या स्नेह्यास नजर केले. वॉर्नर हा एसेक्स परगण्यातील वुडफर्ड गावचा सुखवस्तु गृहस्थ. वृत्तीने पंडित, छंदाने बागवान. पुढे 1771 साली आपल्या गावच्या वनस्पतींची सूची त्याने प्रसिद्ध केली. त्याच्या उष्णगृहात झुडूप रुजले, फुलले, आणि ते पाहावयास जाणकारांची रीघ लागली. केपहून आले म्हणून ते केपचे, आणि गंध जाईजुईच्या जातीचा म्हणून ती जाई, अशा दुहेरी तर्काने लोक त्यास ‘केप जॅस्मिन’ म्हणू लागले. वस्तुतः दोन्ही तर्क चुकीचे होते. झाड केपचे नव्हते. पूर्वेकडून येणाऱ्या कोणा जहाजानेच ते तेथे पोचविलेले असणार, कारण त्याचे माहेर चीन असून तेथील बागांतून ते हजारावर वर्षे नांदत आले आहे. आणि जाईशी तर त्याचे गोत्रही जुळत नव्हते. पण ही दुसरी गोष्ट सिद्ध करणे सोपे नव्हते, आणि ती सोपी का नव्हती यातच या कैफियतीचा गाभा आहे.

त्या काळी वनस्पतींची ओळख पटविण्याचा राजमार्ग म्हणजे स्वीडनचा पंडित कार्ल लिनियस याने घालून दिलेली वर्गपद्धती. फूल उलगडावे, आतील पुंकेसर मोजावेत, ते एकमेकांपासून सुटे की जोडलेले हे पाहावे, आणि तेवढ्यावरून 24 वर्गांपैकी आपल्या वर्गात त्या वनस्पतीस बसवावे, इतकी ती सुटसुटीत होती. जाईच्या फुलात पुंकेसर दोन. म्हणून ती दुसऱ्या वर्गात. एवढ्या हिशेबाने कोणताही कारकून वनस्पतिशास्त्री व्हावा! परंतु कप्तानाने आणलेले झाड दुहेरी फुलांचे होते. दुहेरी फूल म्हणजे ज्यात पुंकेसरांचेच रूपांतर होऊन पाकळ्या बनलेल्या असतात. जे मोजावयाचे तेच नाहीसे होऊन त्याच्या जागी शोभा आलेली असते. बागवानाला जे भूषण तेच शास्त्रज्ञाला दूषण; लिनियस तर अशा फुलांना निसर्गाची विकृती मानीत असे आणि त्यांवरून जाती ठरवू नयेत असे बजावीत असे. गेओर्ग एहरेट या निष्णात जर्मन चित्रकाराने नव्या झुडपाचे सुरेख चित्र काढले, चेल्सीच्या औषधी बागेचा अधिकारी फिलिप मिलर याने आपल्या चित्रग्रंथात त्यास जाईच्या गणातच दाखल केले, आणि मिलरचा शब्द म्हणजे त्या काळी विलायतेतील माळ्यांना वेदवाक्य.

पुंकेसरांनी साक्ष देण्याचे नाकारले तरी झाडाच्या अंगावर इतर दाखले असतातच, ते पाहण्याची दृष्टी मात्र हवी. वाचकांपैकी ज्यांच्या दारी अनंत असेल त्यांनी एक कोवळी डहाळी तोडून उजेडात धरावी. पानांची जोडी जेथे खोडास मिळते तेथे, दोन देठांच्या मधोमध, एक बारीक हिरवट पापुद्रा खोडास वेढून बसलेला दिसेल; यास उपपर्ण म्हणतात, आणि कदंब, मंजिष्ठा, कॉफी, गेळफळ यांचे जे विस्तीर्ण कुल आहे त्याची ही ठळक निशाणी होय. जाईच्या डहाळीवर हा पापुद्रा शोधूनही सापडणार नाही. आता एक फूल घेऊन ते धारदार पात्याने उभे चिरावे. पाकळ्यांच्या नळीच्या बुडाशी जी हिरवी, कंगोरेदार निदले असतात, त्यांच्याही खाली, देठाच्या टोकाशी, बीजकोश दबून बसलेला दिसेल. जाईत तोच बीजकोश निदलांच्या वर, नळीच्या आत असतो. एक वर, एक खाली. एवढ्या एका भेदाने दोन झाडांचे नाते कायमचे तुटते.

जॉन एलिस याने हे झाड हाती घेतले. हा गृहस्थ पेशाने लंडनचा व्यापारी, पण प्रवाळ हे समुद्रातील झाड नसून प्राण्यांची वसाहत आहे हे 1755 साली ग्रंथ लिहून विद्वानांच्या गळी उतरविणारा. तेव्हा दिसते ते तसेच असते असे मानण्याची त्यास सवय नव्हती. हे झुडूप जाई नव्हे, किंबहुना ज्ञात असलेल्या कोणत्याच गणात ते बसत नाही, असा निकाल त्याने दिला आणि लिनियसकडे पत्र रवाना केले. आणि येथून पुढे जो तंटा सुरू झाला तो शास्त्राचा नसून मानपानाचा होता.

नव्या गणास ज्याच्या बागेत तो फुलला त्या वॉर्नरचे नाव द्यावे, हा एलिसचा पहिला विचार. वॉर्नर संकोची, त्याने तो मान साफ नाकारला. मग एलिसने चार्ल्सटन येथे वैद्यकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश डॉक्टरचे नाव पुढे केले. डॉक्टर मोठा व्यासंगी होता, अमेरिकेतील मासे, सरपटणारे प्राणी, वनस्पती यांचे नमुने तो एलिसकडे आणि लिनियसकडे इमानेइतबारे पाठवीत असे, आणि त्याच्या नावे एखादी वनस्पती असावी म्हणून एलिसने याआधी कॅरोलिनातील एका सुगंधी झुडपाच्या बाबतीत खटपट करून हात पोळून घेतले होते. परंतु या झाडाशी डॉक्टरचा संबंध काय? काहीएक नाही. त्याने ते शोधले नव्हते, वाढविले नव्हते, पाहिलेही नव्हते. लिनियसलाही हेच खटकत होते. आपण स्नेह्यासोबत्यांची नावे झाडांना वाटत सुटतो असा बोभाटा आधीच होत असल्यामुळे त्याने बरीच का-कू केली. दरम्यान 1759 साली, अंबोइना बेटावरील वनस्पतींविषयीच्या एका जुन्या ग्रंथातील अशाच एका झुडपास त्याने स्वतः वॉर्नरचे नाव देऊनही टाकले होते. पण एलिसची चिकाटी व्यापाऱ्याची. त्याने उचल घेतलेला सौदा सोडला नाही. नोव्हेंबर 1760 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचे टिपण वाचले गेले, पुढील वर्षी छापून आले, आणि ‘गार्डेनिया जॅस्मिनॉइडीस’ हे नाव दप्तरी रुजू झाले. गंमत अशी की, हे झाड जाई नव्हे हे ज्याने ठासून सांगितले त्यानेच त्याच्या नावात जाईसारखेपणाची आठवण ठेवली.

तरी प्रकरण संपले नाही. 1762 साली लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत गार्डेनिया हा गण मंजूर केला, पण जातीचे नाव बदलून ‘फ्लोरिडा’ केले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे, अगदी हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथापर्यंत, हेच नाव वहिवाटीत राहिले. 1917 साली मेरिल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1759 चा तो जुना दाखला उकरून त्यातील ‘ऑगस्टा’ या जातिनामाचा दावा दाखल केला. पुष्कळ ग्रंथांनी तो उचलला. आणि अखेर त्या दाखल्यासोबत कायदेशीर वर्णनच नव्हते या तांत्रिक मुद्द्यावर तो नामंजूर होऊन एलिसचे मूळ नाव पुन्हा गादीवर आले. म्हणून जुन्या रोपवाटिकांच्या याद्यांत एकाच अनंताची तीन शास्त्रीय नावे आढळली तर ग्राहकाने ती तीन झाडे समजून तीनदा पैसे मोजू नयेत.

या सर्व वादातील मौजेचा भाग असा की, ज्यास लंडनची विद्वत्सभा नवे म्हणत होती ते झाड छापील ग्रंथांत केव्हाच येऊन बसले होते. जपानात डच वखारीवर वैद्य म्हणून राहिलेल्या एंगेलबर्ट केम्फर याने 1712 च्या आपल्या ग्रंथात तेथील हे झुडूप वर्णिले होते. अंबोइना बेटावर डच कंपनीच्या चाकरीत आयुष्य काढलेल्या रुम्फियसने तर त्याचे स्थानिक नावही नोंदले होते. या रुम्फियसची हकीकत अशी की, 1670 साली त्याची दृष्टी गेली. 1674 च्या भूकंपात पत्नी व कन्या गेल्या. 1687 च्या आगीत चित्रे गेली. पुन्हा सिद्ध केलेले हस्तलिखित नेणारे जहाज 1692 साली फ्रेंचांनी बुडविले. आणि बटेव्हियास ठेवलेल्या नकलेवरून हा ग्रंथ 1741 पासून, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, छापून निघाला. एका अंध माणसाने लिहविलेले वर्णन डोळस पंडितांच्या कपाटात होते. कुंडीतले झाड आणि कपाटातले पान यांची गाठ घालून देण्याचे काम मात्र लागलीच कोणास साधले नाही.

आता ज्याच्यावाचून ही सगळी नामचर्चा एका वाळक्या काटकीवरची चर्चा ठरली असती, त्या माणसाकडे वळले पाहिजे. दुहेरी अनंतास बी धरत नाही. एकेरी फुलांचा जो मूळ प्रकार चीन-जपानात आहे त्यास नारिंगी, उभ्या शिरांचे फळ येते. केशरात जे रंगद्रव्य असते तेच या फळात असल्यामुळे चिनी लोक त्याने रेशीम पिवळे रंगवीत, आणि वैद्य ते काढ्यात घालीत. पण पाकळ्यांची दाटी झालेल्या फुलास हा मार्ग बंद. वुडफर्डचे झुडूप म्हणजे एकुलते एक, निर्वंश. ते मेले तर पुढील कप्तानास पुढील सुवास येईपर्यंत सारे बंद. वॉर्नरच्या माळ्यांनी त्याच्यापासून रोपे करण्याचा यत्न केला, तो साधला नाही. तेव्हा वॉर्नरने त्याचे फाटे जेम्स गॉर्डन याच्या हवाली केले.

गॉर्डन हा लंडनच्या पूर्वेस माइल एंड येथे रोपवाटिका चालवीत असे. त्याआधी तो लॉर्ड पीटर या सरदाराच्या बागेत नोकरीस होता, आणि चीनची कॅमेलिया विलायतेच्या बाजारात रुळविण्याचे श्रेय त्याचेच. बियांवर आणि फाट्यांवर त्याचा हात असा काही बसला होता की, इतरांनी ‘हे येथे लागत नाही’ म्हणून टाकून दिलेले ते त्याच्याकडे हमखास लागे. त्या काळच्या उष्णगृहांत कातडी कमावून उरलेल्या ओकच्या सालीचे ढीग आंबवून त्यांच्या उबेत कुंड्या पुरून ठेवीत. खालून ऊब, वरून ओलावा आणि मधे सावली, ही जी फाट्याला मुळे फुटण्याची त्रिसूत्री, ती गॉर्डनला पक्की अवगत होती. वॉर्नरचे फाटे त्याच्याकडे जगले, त्यांची रोपे झाली, रोपांचे पुन्हा फाटे झाले, आणि थोड्याच वर्षांत विलायतेतील धनिकांच्या काचघरांतून हे फूल मिरवू लागले. गॉर्डनने त्यावर चांगला पैसाही केला, आणि का करू नये? एलिसने पुढे 1771 साली दुसऱ्याच एका वृक्षगणास त्याचे नाव देऊन उतराई होण्याचा यत्न केला, हे एलिसच्या नावे जमेस धरले पाहिजे. तरी माझे मत असे की, गार्डेनियाच्या सनदेवर ज्याचे नाव असावयास हवे होते तो डॉक्टर नव्हे, माळी होय. झाडाचे नाव ठरावयास शंभर वर्षे लागली असती तरी झाडाचे काही बिघडत नव्हते; फाटा लागण्यास एक हंगाम उशीर झाला असता तर नाव ठेवावयास झाडच उरले नसते.

आपल्याकडे ही विद्या नवी नव्हती. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद प्रकरणात फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, अतिमुक्तक इत्यादी झाडे फांदीपासून लावता येतात, लावताना ती शेणाने लिंपावीत, आणि एकाच्या मुळावर वा खोडावर दुसऱ्याचे रोपण करता येते, असे स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे चीनचा हा पाहुणा जेव्हा आपल्या किनाऱ्याला लागला, बंगाल्यांत ‘गंधराज’ आणि आपल्यांत ‘अनंत’ म्हणून नांदू लागला, तेव्हा त्याच्या वंशवृद्धीस गॉर्डनची गरज पडली नाही. आमच्या माळ्याची गुटी सिद्धच होती. आषाढ लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, गतवर्षीची निबर फांदी निवडावी. बोटभर रुंदीची साल गोल काढावी. खालचा बुळबुळीत पदर पात्याने खरवडून टाकावा, नाहीतर साल पुन्हा सांधते. आणि त्यावर माती, शेण, काथ्याचा भुगा यांचा गोळा थापून गोणपाटाने आवळावा. पावसाने दडी मारली तर वरच्या फांदीस बुडाशी भोक पाडलेले गाडगे टांगून चिंधीवाटे गोळ्यावर पाणी ठिबकत ठेवीत. यातील युक्ती अशी की, मुळांकडून येणारे पाणी लाकडातून चढते, तेव्हा फांदी सुकत नाही. पण पानांनी तयार केलेला रस सालीतून उतरतो, तो छेदाच्या वरच्या काठाशी अडतो, तेथे गाठ धरतो आणि त्या गाठीतून मुळे फुटतात. हल्ली गोणपाटाऐवजी प्लास्टिक आणि मातीऐवजी शेवाळ आले. बाकी पद्धत तीच.

इंग्रजी अमलात नामकरणाचे कामही येथे धूमधडाक्याने झाले. 1828 साली पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पतिबाग स्थापन झाली. 1839 साली मुंबईच्या टपालखात्यातील जॉन ग्रॅहम याची मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची निघाली. 1861 साली डॅलझेल आणि गिब्सन यांनी मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला आणि त्यास लागवडीच्या परकी झाडांची स्वतंत्र पुरवणी जोडली. गिब्सनच्या देखरेखीखाली 1847 ते 1850 या काळात दापोडीच्या बागेतील झाडांची जी अप्रतिम चित्रे काढली गेली ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. साहेबांची नावे सालवार मिळतात. ती चित्रे काढणाऱ्या एतद्देशीय चित्रकाराचे नाव कागदावर नाही, आणि ज्यांनी ती झाडे जगविली त्या माळ्यांचे तर नाहीच नाही.

अनंताच्या प्रकृतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण देशावरील पुष्कळ घरांतून या झाडाविषयी तक्रार ऐकू येते. कोकणात जांभ्याच्या लाल, किंचित आंबट मातीत आणि धो धो पावसात ते विनासायास काळेभोर माजते. त्याचा सख्खा भाऊबंद डिकेमाली, ज्याचा उग्र वासाचा डिंक तान्ह्या मुलांच्या जंतांवर म्हणून अद्याप किराण्याच्या दुकानी मिळतो, तोही आपल्याच रानांतला. पण तेच रोप पुण्या-सोलापुराकडे, चुनखडीच्या काळ्या मातीत आणि विहिरीच्या जड पाण्यावर आणले की वर्षभरात पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कळ्या उमलण्याआधी गळतात. यावर कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा जो घरगुती उपाय आहे तो बहुतांशी निष्फळ. लोखंड मातीत असतेच, चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही, हे खरे दुखणे. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यावे, कुजलेल्या पानांचे खत भरपूर घालावे आणि साधेल तेव्हा पावसाचे साठविलेले पाणी घालावे. नव्या पालवीपासून फरक दिसतो. पिठ्या ढेकूण दिसला तर त्याच्यामागे मुंग्या असतातच, त्यांचाही बंदोबस्त करावा.

बाजारात हल्ली मिळणारा अनंत पुष्कळदा ठेंगणा, बारीक पानाफुलांचा असतो. तो वाईट नव्हे. पण जुन्या वाड्यांच्या परसांत जो पुरुषभर उंच, तळहाताएवढ्या फुलांचा अनंत आहे, तो कोणा आजीने कोणा माहेराहून आणलेल्या गुटीचा, आणि ती गुटी त्याआधीच्या कोणा झाडाची. त्यास बी नाही, त्यामुळे तो तुटला की त्या घराण्यापुरता सरला. वाडे पाडून इमारती उठविण्याचे करार आता गावोगाव होत आहेत. ज्यांच्या वाड्याचा करार व्हावयाचा असेल त्यांनी सह्या करण्यापूर्वी एक पावसाळा हाती राखावा, अनंताच्या चार फांद्यांना गुट्या बांधून घ्याव्यात, आणि मुळे धरली की त्यांतल्या दोन तरी शेजाऱ्यांस द्याव्यात.